गोदातीरची जकात : वाटेच्या राखणीचा मोबदला

१

वडीगोद्री हें गांव जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यांत, गोदावरीच्या उत्तरेस थोड्या अंतरावर वसलेलें आहे. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजीं स्वतंत्र झाला. तत्पूर्वीं हा तालुका औरंगाबाद, म्हणजे आतांच्या छत्रपति संभाजीनगर जिल्ह्यांत मोडत असे. धुळ्याकडून औरंगाबादेवरून बीड-सोलापुराकडे जाणारा मोठा रस्ता ह्या गांवावरून जातो, आणि जालन्याहून अंबडावरून येणारा रस्ता त्यास येथेंच मिळतो. पुढें शहागडास गोदावरी ओलांडावी लागते. जेथें दोन वाटा मिळतात व पुढें नदीचा उतार असतो, तेथें व्यापारी थांबतो. आणि जेथें व्यापारी थांबतो, तेथें जकातीचा प्रश्न उपस्थित होतो. म्हणून ह्या टापूच्या निमित्तानें जकातीच्या इतिहासाचा थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

जकात म्हणजे सरकारी उत्पन्नाची एक बाब, एवढीच समजूत सामान्यतः असते. आणि ह्या समजुतीमुळेंच जुन्या कागदांचे संग्राहकहि जकातीच्या कागदांकडे फारसें लक्ष देत नाहींत. सनद, निवाडा, महजर, वंशावळ हीं जपून ठेविलीं जातात. कारण त्यांत वतनाचा किंवा घराण्याचा मान असतो. एखाद्या वाण्याच्या चार बैलांची पावती मात्र रद्दींत जाते. परंतु आमचें म्हणणें असें कीं, राज्य आणि रयत ह्यांमधील एक जुना करार ज्या कागदांवरून ताडून पाहतां येतो, ते हेच कागद होत. जकात हा मुळांत वाटेच्या राखणीचा मोबदला होता. पैसा घेणारा आणि वाट राखणारा एकच असे, तोंवर जकातीनें व्यापार वाढला व समाजाचेंहि रक्षण झालें. हे दोघे वेगळे झाले, तेव्हां तोच नाका व्यापाऱ्याची मुख्य अडचण होऊन बसला. ह्या विधानास आधार काय, तें कालक्रमानें पाहूं.

२

गोदातीरच्या व्यापाराचा जुना उल्लेख पेरिप्लस ह्या ग्रीक ग्रंथांत आहे. हा ग्रंथ इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील मानितात. त्यांत भडोचेपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण व तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर, अशीं दोन मोठीं शहरें सांगितलीं आहेत. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यांतील तेर होय. पैठणाहून मौल्यवान दगड व तगराहून तऱ्हतऱ्हेचें कापड गाड्यांवर घालून, बिकट वाटांनीं भडोचेच्या बंदरास जात असे. दुसरी वाट पैठणाहून जुन्नरावरून नाणेघाट उतरून कोंकणांत जाई. नाणेघाटाच्या माथ्यावरील दगडी रांजण जकातीचीं नाणीं टाकण्यासाठीं होता, अशी लोकसमजूत आहे. तिला लेखी आधार नाहीं. परंतु सातवाहनांचा मोठा शिलालेख त्याच घाटांतील लेण्यांत कोरलेला आहे, ह्यावरून राजसत्तेचें लक्ष त्या वाटेवर किती होतें हें दिसून येतें.

जकातीचें शास्त्र कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत सविस्तर सांगितलें आहे. हा ग्रंथ श्यामशास्त्री ह्यांनीं इ. स. १९०९ मध्यें छापून प्रसिद्ध केला. त्यांत दोन निरनिराळे कर आहेत. एक शुल्क, तें मालाच्या किंमतीवर, नगराच्या दरवाजापाशीं, शुल्काध्यक्षानें घ्यावयाचें. दुसरा वर्तनी, म्हणजे वाटेचा कर. तो सरहद्दीवरील अंतपालानें घ्यावयाचा. मालाच्या गाडीमागें सव्वा पण, एकखुरी जनावरामागें एक पण, इतर गुरांमागें अर्धा पण, लहान जनावरामागें पाव पण आणि डोक्या-खांद्यावरील ओझ्यामागें एक माष, असे त्याचे दर दिले आहेत. ह्या दरांच्या लगतच ग्रंथकार सांगतो कीं, वाटेंत जें हरवेल किंवा चोरीस जाईल तें अंतपालानें भरून द्यावें. आमच्या मतें सर्व विषयाची किल्ली ह्या एका नियमांत आहे. ज्यानें पैसा घेतला त्याच्याच माथीं नुकसानीची भरपाई ठेविली आहे.

त्याच प्रकरणांत आणखी दोन गोष्टी आहेत. परदेशाहून आलेल्या तांड्याचा माल अंतपालानें तपासून त्यावर खूण व मुद्रा करावी व मग तो शुल्काध्यक्षाकडे पाठवावा. म्हणजे एकदां तपासलेला माल वाटेंत पुन्हां पुन्हां उघडावा लागूं नये. दुसरें असें कीं, राष्ट्रास पीडा करणारा माल अडवावा, आणि फार उपयोगाचा माल व दुर्मिळ बियाणें शुल्कावांचून येऊं द्यावें. शस्त्रें, चिलखतें, धातु, रत्नें, धान्य व गुरें बाहेर नेण्यास बंदी सांगितली आहे. समाजाचें रक्षण आणि व्यापाराची सोय हीं दोन्ही कामें एकाच अधिकाऱ्याकडे असावींत, हा विचार इतका जुना आहे. अर्थशास्त्र हा नियमांचा ग्रंथ आहे, वहिवाटीचा दाखला नव्हे, हें आम्ही विसरत नाहीं. गोदातीरीं असेंच घडत होतें असें त्यावरून म्हणतां येणार नाहीं. परंतु पुढील काळाची वहिवाट मोजण्यास माप म्हणून तो उपयोगी आहे.

३

वहिवाटीचा निश्चित दाखला कोंकणांतून मिळतो. खारेपाटण येथें सांपडलेल्या शिलाहार राजा अनंतदेव ह्याच्या शके १०१६ (इ. स. १०९४) च्या ताम्रपटांत भाभण श्रेष्ठी व त्याचा बंधु धणाम श्रेष्ठी ह्यांच्या मालावरील शुल्क माफ केलें आहे. ही माफी श्रीस्थानक म्हणजे ठाणें, शूर्पारक म्हणजे सोपारें, चेमुली म्हणजे चौल आणि नागपूर ह्या बंदरांना लागू होती. हें नागपूर कोंकणांतील, विदर्भांतील नव्हे. शुल्काची माफी तांब्यावर कोरून द्यावी एवढी तिची किंमत होती, ह्याचा अर्थ इतर सर्वांस शुल्क नियमितपणें द्यावें लागत असे. भूमिदानाचे ताम्रपट शेंकड्यांनीं आहेत. शुल्कमाफीचा असा ताम्रपट विरळा. म्हणूनच त्याचें मोल अधिक.

देशावरील वाटांकडे पुन्हां वळूं. मलिक अंबरानें इ. स. १६१० च्या सुमारास खडकी वसविली; तीच पुढें औरंगाबाद झाली. सुरतेहून औरंगाबादेवरून गोवळकोंड्यास जाणारी वाट १७ व्या शतकांत मोठी वाहती होती, आणि ताव्हेर्निये व तेव्हेनो हे फ्रेंच प्रवासी त्या वाटेनें गेले. ह्या काळांत वाटेवरील करास राहदारी म्हणत. औरंगजेबानें आपल्या कारकीर्दीच्या आरंभीं राहदारी व इतर पुष्कळ कर माफ केल्याचा हुकूम काढला. परंतु खाफीखान हा इतिहासकार स्पष्ट लिहितो कीं, हुकूम कागदावरच राहिला. फौजदार व जहागीरदार आपापल्या हद्दींत राहदारी घेतच राहिले, आणि व्यापारी व वाटसरू नाडले गेले. येथें लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, बादशहानें कर सोडला तरी तो वाटेवरून नाहींसा झाला नाहीं. तो फक्त हिशेबांतून नाहींसा झाला. ज्याची पावती नाहीं त्याची दादहि नाहीं. म्हणून जाहीर जकातीपेक्षां ही चोरटी जकात व्यापारास अधिक घातक ठरली.

४

मराठी राज्याचा ह्या विषयांतील विचार दोन साधनांवरून कळतो. पहिलें, शिवाजी महाराजांचें कुडाळ प्रांताचे सरसुभेदार नरहरि आनंदराव ह्यांस लिहिलेलें इ. स. १६७१ चें पत्र. पोर्तुगीजांच्या ताब्यांतील बारदेशांत मीठ स्वस्त पडत असल्यामुळें व्यापारी तिकडे वळतील व स्वराज्यांतील मिठाचीं बंदरें बुडतील, हें ओळखून महाराजांनीं बारदेशच्या मिठावर जबर जकात बसविण्यास सांगितलें. तें संगमेश्वराकडील मिठापेक्षां महाग पडावें, असा त्यांतील हेतु आहे. तिजोरी भरणें हा ह्या जकातीचा मुख्य उद्देश नव्हे. आगरावर राबणाऱ्या रयतेच्या पोटावर परकी माल येऊं नये, म्हणून ती उभी केलेली भिंत आहे.

दुसरें साधन रामचंद्रपंत अमात्य ह्यांचें आज्ञापत्र. हें १८ व्या शतकाच्या दुसऱ्या दशकांतील. सावकार म्हणजे व्यापारी हे राज्याची शोभा आहेत, त्यांस उपद्रव देऊं नये, असा त्यांत उपदेश आहे. परंतु त्याहून मार्मिक भाग आरमाराच्या प्रकरणांत आहे. आरमाराचा खर्च मुलुखाच्या उत्पन्नांतून नेमून द्यावा, समुद्रावरील पैदास्तीवर सोंपवूं नये. तसें केल्यास आरमाराकडून सावकारांस उपद्रव होऊन सावकारी बुडते, असा त्याचा आशय आहे. वाट राखणाऱ्या सैनिकाचें पोट जर वाटसरूच्या पैशावर सोडलें, तर तो राखण सोडून वसुलीच्या मागें लागतो, हें अमात्यांनीं जाणलें होतें. कौटिल्यानें घेणाऱ्यावर भरपाईचें ओझें घातलें. अमात्यांनीं राखणाऱ्यास लोभापासून दूर ठेविलें. दोघांचा हेतु एकच, कीं राखण आणि पैसा ह्यांचा संबंध राज्यानें आपल्या हातांत ठेवावा.

५

पेशवाईंत हा संबंध कसा सुटत गेला, तें ह्याच टापूच्या उदाहरणावरून चांगलें कळतें. गोदेच्या दोन्ही तीरांवर निजामाचा व मराठ्यांचा अंमल एकमेकांत गुंतलेला होता. शहागडाच्या आसपासचा नदीचा उतार किती महत्त्वाचा, हें १० ऑगस्ट १७६३ रोजीं राक्षसभुवनास दिसून आलें. गोदावरीस पूर असल्यानें निजामाची फौज दोन तीरांवर विभागली गेली, आणि माधवराव पेशव्यांनीं अलीकडे राहिलेल्या विठ्ठल सुंदराचा मोड केला. पूर जसा फौजेस अडवी तसाच तांड्यासहि अडवी. शांततेच्या काळांत मात्र तांड्यास अडविणारे मनुष्यच असत. जालनें शिंद्यांकडे होतें. सुर्जी-अंजनगांवच्या तहानें, म्हणजे १८०३ अखेर, तें त्यांच्या हातून गेलें. अंबड होळकरांकडे होतें. तें १८१८ च्या मंदसोरच्या तहानें इंग्रजांकडे व १८२२ च्या तहानें निजामाकडे गेलें. भोंवतीं निजामाचे महाल. दोन-तीन दिवसांच्या चालींत बैलावरची गोणी तीन धन्यांच्या हद्दींतून जाई, आणि प्रत्येक धन्यास आपला हक्क घेण्याचा अधिकार होता.

त्या काळच्या जकातीच्या मुख्य बाबी वाचकांस परिचित आहेतच. माल भरला त्या ठिकाणीं थळभरीत, माल उतरून विकला त्या ठिकाणीं थळमोड, गुरांच्या विक्रीवर शिंगशिंगोटी, आणि मधल्या वाटेवर बैलाच्या ओझ्यामागें द्यावयाची जकात. पेठ नवी वसवावयाची असेल तर शेटे-महाजनांस कौल देऊन कांहीं वर्षें जकात माफ करीत, आणि सरकारी कामाच्या मालास माफीचें दस्तक देत. हीं सर्व साधनें व्यापाराच्या सोयीचींच होतीं. दोष वसुलीच्या पद्धतींत होता. जकातीचा मक्ता दिला जाई. मक्तेदार ठरीव रक्कम सरकारांत भरी व वर मिळेल तें आपलें समजे. एल्फिन्स्टननें पेशव्यांच्या जिंकलेल्या मुलुखावरील आपल्या अहवालांत लिहिलें आहे कीं, प्रत्येक जिल्ह्यांत जकात निराळी घेतली जात असल्यामुळें एकच माल दहा-बारा ठिकाणीं थांबविला जाई.

ह्या अडचणींतून व्यापाऱ्यांनींच एक तोड काढली, ती हुंडेकऱ्यांची. हुंडेकरी एक ठरीव रक्कम घेऊन सर्व वाटेवरच्या जकातींची जोखीम आपल्या अंगावर घेई, निरनिराळ्या मक्तेदारांशीं हिशेब तोच करी, आणि माल ठिकाणावर पोंचता होई. अर्थशास्त्रांतील अंतपालाच्या मुद्रेनें जें काम व्हावें, तें येथें एका खाजगी माणसाच्या पतीवर चालूं लागलें. हुंडेकरी हा धंदा उभा राहिला, ह्याचाच अर्थ सरकारचें तें काम सुटलें होतें.

आणि राखण कोण करीत होता? ती गांवाकडे होती. चोरी झाली तर पाटलानें व गांवच्या रखवालदारानें, मग तो जागल्या असो, रामोशी असो वा भिल्ल असो, माग काढावयाचा; माग शेजारच्या गांवाच्या शिवेंत नेऊन पोंचविला तर जबाबदारी त्या गांवावर; माग न लागला तर मालकास भरून देण्याचा प्रसंग गांवावर येई. अंतपालाचें कर्तव्य असें गांवच्या शिवेवर उतरलें, पण अंतपालाचें उत्पन्न मात्र मक्तेदाराच्या पिशवींत गेलें. रखवालदारास खळ्यावरचें धान्य मिळे, आणि ज्याच्या मालासाठीं तो रात्र जागे त्याच्या जकातींतला एक पैसाहि त्याच्या हातीं पडत नसे. आमच्या मतें उत्तर पेशवाईंतील वाटा बिघडल्या त्याचें एक कारण हेंच होय. चोरांची संख्या वाढली म्हणून वाट बिघडते हें खरें; पण ज्यास पैसा मिळतो त्यास राखावयाचें नाहीं आणि ज्यानें राखावयाचें त्यास पैसा नाहीं, अशा व्यवस्थेंत चोरास अटकाव करण्याची निकड कोणासच राहत नाहीं.

६

इंग्रजांनीं मुंबई इलाख्यांतील वाटेवरच्या जकाती इ. स. १८३८ च्या पहिल्या कायद्यानें उठविल्या. गोदेच्या उत्तरेस मात्र निजामाचें राज्य होतें. इ. स. १८०२ च्या व्यापारी तहानें इंग्रज व निजाम ह्यांच्या मुलुखांमधील मालावर शेंकडा पांचाचा दर ठरला होता. तरी अंतर्गत नाके चालूच होते. इ. स. १८५३ त दिवाण झालेल्या पहिल्या सालारजंगानें मक्त्याची पद्धत व वाटेवरच्या अनेक जकाती मोडून वसुलीचा भर सरहद्दीवर आणला. ह्या खात्यास करोडगिरी म्हणत, आणि मराठवाड्यांतील वृद्ध माणसांच्या बोलण्यांत हा शब्द अगदीं अलीकडेपर्यंत होता.

करोडगिरीचा शेवट बोधप्रद आहे. इ. स. १९४७-४८ त हैदराबाद मुक्तिसंग्राम चालूं असतां स्टेट काँग्रेसच्या सरहद्दीवरील केंद्रांतील तरुणांनीं करोडगिरीचे नाके उधळले व जाळले. ठाण्याइतकाच नाकाहि लोकांच्या रोषाचा विषय व्हावा, ह्यांत नवल नाहीं. ज्या सरकारास रझाकारांपासून रयतेचें रक्षण करितां येत नाहीं, किंबहुना करावयाचें नाहीं, त्याच्या नाक्यावर पैसा कशासाठीं द्यावा? राखणीचा करार सरकारनेंच मोडला होता; लोकांनीं त्या कराराची खूण तेवढी पाडून टाकिली. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामी संपली, आणि २६ जानेवारी १९५० पासून अंमलांत आलेल्या राज्यघटनेच्या ३०१ व्या कलमानें भारतभर व्यापार व दळणवळण मुक्त असल्याचें तत्त्व घालून दिलें. नगरपालिकांची जकात महाराष्ट्रांत त्यानंतरहि पुष्कळ वर्षें राहिली. मुंबई महापालिकेची जकात १ जुलै २०१७ रोजीं वस्तु व सेवा कर आला तेव्हां बंद झाली.

सरहद्दीवरची जकात, जिला आज सीमाशुल्क म्हणतात, ती मात्र राहिली आणि राहावयासच पाहिजे. इ. स. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्यांत मालावर कर घेण्याबरोबरच घातक व निषिद्ध माल अडविण्याचा अधिकार आहे, आणि बंदरापासून दूर, देशाच्या आंत माल तपासून त्यावर मोहोर करण्याची सोयहि आहे. अंतपालाच्या मुद्रेची ही नवी आवृत्ति होय. जालन्याजवळ अशाच अंतर्देशीय बंदराची पायाभरणी २०१५ सालीं झाली.

७

ह्या कायद्याचा आम्हां संग्राहकांशीं प्रत्यक्ष संबंध आहे, तो येथें सांगितला पाहिजे. इ. स. १९७२ च्या पुरावस्तु व कलानिधि कायद्याप्रमाणें निदान शंभर वर्षांची जुनी मूर्ति, नाणें, चित्र व कोरीव लेख ह्या पुरावस्तु ठरतात. आणि शास्त्रीय, ऐतिहासिक, वाङ्मयीन किंवा कलादृष्ट्या मोल असलेलें हस्तलिखित अथवा दप्तर पंचाहत्तर वर्षांचें असलें तरी पुरावस्तु ठरतें. तें देशाबाहेर नेण्याचा अधिकार खाजगी माणसास नाहीं, आणि ही बंदी सीमाशुल्काच्या अधिकाऱ्यांकरवीं अमलांत येते. कौटिल्यानें शस्त्रें, रत्नें व धान्य बाहेर जाऊं देऊं नये म्हटलें. त्या यादींत आपल्या काळानें पोथीची भर घातली. एखादा मोडी रुमाल परदेशी बाजारांत न जातां देशांत राहतो, त्याचें श्रेय कांहीं अंशीं त्या नाक्यास आहे.

परंतु नाका सरहद्दीवर राखण करूं शकतो. घराच्या माळ्यावर नाहीं. अंबड, शहागड, पैठण व त्यांमधील गांवें, वडीगोद्री धरून, ह्या टापूंतील पाटील, कुळकर्णी, शेटे-महाजन व जुने आडत्ये ह्यांच्या घरीं जकातीसंबंधीं कागद असल्यास त्यांची नोंद सर्वांत आधीं झाली पाहिजे. दस्तकें, थळभरीत-थळमोडीच्या पावत्या, पेठेचे कौल, मक्त्याचे कबुलायतनामे, हुंडेकऱ्यांच्या वह्या, चोरीच्या भरपाईचे तंटे, आणि निजामी अमलांतील करोडगिरीचे फारसी व उर्दू कागद, ह्यांपैकीं कोणताहि तुकडा क्षुल्लक समजूं नये.

असा कागद हातीं आल्यावर तीन प्रश्न विचारावे. पैसा कोणीं घेतला, सरकारी कमाविसदारानें कीं मक्तेदारानें? एकाच मालावर किती ठिकाणीं घेतला? आणि माल गेला तर भरून देण्याची जबाबदारी कोणावर होती? तारखेचें चांद्रमान, शुहूर सन व शिक्का हीं नीट उतरून घ्यावींत. वजनें, बैलांची संख्या व मालाचीं नांवें गाळूं नयेत, कारण ह्या कागदांचें खरें मोल त्यांतच आहे. पुरेसे कागद एकत्र झाले, तर आम्हीं वर मांडलेलें अनुमान ह्या टापूपुरतें खरें कीं खोटें, हें ठरवितां येईल. तें खोटें ठरलें तरी हानि नाहीं. गोदेच्या उतारावरून कोणता माल, कोणत्या दरानें, कोणाच्या भरंवशावर गेला, हें तरी निश्चित कळेल. तूर्त हें काम कागदांची यादी करण्यापासून आरंभिलें पाहिजे, आणि तें लवकर आरंभिलें पाहिजे. कारण सनदेपेक्षां पावती लवकर फाटते.